सात नंबरची टिप

“वाच की रं लहू, काय लिवलंय त्या कागदावर?”

अनसाक्का भांड्यांच्या हौदापाशी उभी होती, हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात. मी नव्या वर्षाचं कॅलेंडर लावायला स्टुलावर चढलो होतो. जुनं काढलं तर मागे भिंतीला एक छापील कागद चिकटवलेला दिसला. तेलकटून पिवळा पडला होता, पण अक्षरं शाबूत होती. वर सरकारी मथळा, खाली रकाने.

“किमान वेतन,” मी वाचलं. “म्हंजे कमीत कमी पगार. हॉटेलातल्या कामगारांचा.”

“आपला?”

“आपलाच की. कुशल, अर्धकुशल, अकुशल. तू अकुशल.”

“त्ये काय असतंय?”

“ज्याला काही येत नाही तो.”

“बावीस वर्सं भांडी घासतीया, आन् काय येत न्हाई व्हय मला?” ती हसली. “बरं, त्या न येणाऱ्याला किती लिवल्यात?”

मी आकडा वाचला. तीन हजार आठशे चाळीस. हौदातली खळखळ थांबली.

“परत वाच.”

मी परत वाचला. या खेपेला जरा मोठ्यानं, लग्नात आहेर पुकारतात तसा. भटारखान्यातले दोघंतिघं हसले. मलाही ती गंमतच वाटली होती. अनसाक्काला महिन्याला चौदाशे मिळत होते आणि मला पंधराशे.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. कराडच्या अलीकडे हायवेला ‘अन्नछाया’ नावाचं गार्डन रेस्टॉरंट होतं. पुढे हिरवळ, कारंजं, पोरांना झोपाळे. मालक प्रतापराव. कपाळाला गंध, बोलणं मऊ, आम्हा सगळ्यांना ‘बाळ’ म्हणायचे. तो कागद लावणं कायद्यानं भाग होतं म्हणून त्यांनी लावला होता, आणि त्याच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. कॅलेंडर लावू नये असं काही कायद्यात नव्हतं.

पगार सात तारखेला होई. मालक स्वतः रजिस्टर उघडून बसत. आकड्याच्या रकान्यावर ते एक पोस्टकार्ड आडवं धरत आणि दुसऱ्या हातानं सहीची जागा दाखवत. “इथं कर बाळ.” अनसाक्काचा अंगठा. आम्ही कुणी कधी ते पोस्टकार्ड बाजूला सारलं नाही. मी बारावी शिकलेला होतो, तरी सारलं नाही. आणि पगार कमी आहे असं कुणी चुकून म्हणालंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “अरे, टिप आहे की तुम्हाला! ती मी मागतो का कधी?”

आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. टिप ते मागत नव्हते! गिऱ्हाईक खुश होऊन दोन पैसे ठेवून जायचं आणि मालक आमच्या पगारातले तेवढेच, किंबहुना दुप्पट, स्वतःकडे ठेवायचे. म्हणजे आमची मजुरी हायवेवरनं जाणारे येणारे देत होते आणि धर्मात्मा म्हणून नाव मात्र यांचं.

टिप आम्हा वेटर लोकांची. मी, रफिक आणि आणखी दोघं. बिलाच्या ताटलीत बडीशेप आणि खडीसाखर असे, त्यातच गिऱ्हाईक पैसे टाकून जाई. ज्याचं टेबल त्याची टिप. भटारखान्याला त्यातलं काही नाही, भांडीवाल्या बाईला तर नाहीच. हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे, पण आम्ही ते मोडलं नाही. कधी घाईत ताटली तशीच उचलली जायची आणि नाणी हौदात जायची. अनसाक्का ती पाण्यात चाचपून काढायची, साखरेचा चिकटा धुवायची आणि खिडकीच्या कठड्यावर टेबलाप्रमाणे वेगवेगळी मांडून ठेवायची. “लहू, ह्ये तुझ्या सात नंबरचं.” सात नंबरचं टेबल कारंज्याजवळचं, आणि ते माझं होतं. मी नाणी खिशात घालून पुढे जायचो. एखादं तिच्याकडेच राहू द्यावं, असं माझ्या मनातसुद्धा येत नसे.

आणखी एक खोड आम्हा वेटरांना होती. शिफ्ट सुटली की कपडे बदलताना एकमेकांना विचारायचं, “किती सुटले?” आणि खरा आकडा कुणी सांगायचा नाही. ऐंशी सुटले असतील तर तीनशे म्हणायचं. रफिक तर एकदा सहाशे म्हणाला आणि घरी जायला माझ्याकडून पाच रुपये घेतले. पगारात कुणाला मोठेपणा नव्हता, तो सगळा टिपमध्ये होता. ‘आज काही नाही’ म्हणणं म्हणजे आपल्याला गिऱ्हाईक विचारत नाही असं कबूल करणं. त्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. सासरच्यांनाही मी असंच सांगून बसलो होतो, की पगार तसाच बाजूला पडतो, घर टिपवर चालतं.

तर तो कागद. मी विसरून गेलो, अनसाक्का विसरली नाही.

तिच्या हातांचं काहीतरी बिघडलं होतं. सोड्याच्या पाण्यानं बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलायची, भेगांतून रक्त यायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, दोन महिने पाण्यात हात घालू नका, नाहीतर बोटं कामातून जातील. दोन महिने घरी बसायला तिच्यापाशी काय होतं? नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, लेक सासरी. एक दिवस दुपारी ती मला म्हणाली, “लहू, कागदावरचा आकडा आन् माझा पगार, ह्येच्यात महिन्याला किती फरक पडतो?”

“दोन हजार चारशे चाळीस.”

“मग लई नगं. तीन म्हयन्याचा फरक दिला तरी माझं हात बरं व्हतील.”

मालकाकडे मागून झालं होतं. ते म्हणाले होते, “बाळ, वेटर लोकांना सांग, टिपमधलं थोडं देतील.” आम्हाला तिनं ते कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही दिलं नसतं.

मग ती सुट्टीच्या दिवशी एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेली, विचारत विचारत कामगार कार्यालय शोधलं आणि कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन अंगठा उठवून आली. पन्नाशी उलटलेली बाई, तिला स्टँडवरच्या पाट्याही वाचता येत नव्हत्या. नोटीस आली तसा ‘अन्नछाया’त सन्नाटा पसरला. मालक तिला काढू शकत नव्हते, कारण नोटीस आल्यावर काढलं तर ते अंगलट आलं असतं. ते नेहमीसारखंच तिला बाळ म्हणत राहिले.

“साक्षीदार आणा म्हनल्यात,” ती मला म्हणाली. “म्या तुझं नाव दिलंय. कागद तूच वाचलास न्हवं? आन् तुझाबी पगार त्यातच हाय. येशील न्हवं?”

“येतो की अक्का. त्यात काय!”

मी खरंच जाणार होतो. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

सुनावणी मंगळवारी होती. आदल्या रविवारी दुपारची गर्दी ओसरली आणि मालकांनी हाक मारली. “लहू, तो वेटरचा कोट काढ. हातपाय धुऊन ये आणि बस इथं.”

सात नंबरला त्यांच्यासोबत एक पाहुणे बसले होते. सोनेरी काडीचा चष्मा, हसरा चेहरा. “हे आमचे मोकाशी,” मालक म्हणाले. “आणि हा लहू. आमचा हुकमी एक्का. पुढच्या महिन्यापासून कॅप्टन करतोय याला, सगळ्या वेटरांच्या वरचा.”

पाच वर्षं मी त्या खुर्च्या पुसल्या होत्या, पण बसलो कधी नव्हतो. रफिक ऑर्डर घ्यायला आला. माझ्याकडे न बघता त्यानं पाणी ठेवलं. मी मटण थाळी सांगितली. मटण मऊ होतं, आणि आमच्याच भटारखान्यातलं जेवण असं गरम गरम लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

सुनावणीबद्दल मालक चकार शब्द बोलले नाहीत. मोकाशी मात्र गप्पा मारत होते. गाव कुठलं, लग्न कधी, मुलगी काय करते. मग सहज म्हणाले, “हायवेचं हॉटेल म्हणजे टिप दणकून सुटत असेल?”

“सुटते की!”

“तरी? दोनशे-अडीचशे?”

रफिक शेजारच्या टेबलाचं कापड बदलत होता. त्याच्यासमोर आणि मालकासमोर मी काय दोनशे म्हणणार? “कुठलं साहेब! साध्या दिवशी चारशे. रविवारी हजारालाही मरण नाही.”

“अरे वा!” मोकाशी मालकांकडे बघून म्हणाले. “आमच्या धंद्यापेक्षा तुमचा बरा.”

आम्ही तिघंही हसलो. उठताना मी बडीशेप खाल्ली आणि ऐटीत अकरा रुपये ताटलीत टाकले. पाचची दोन नाणी आणि वर एक रुपया. रफिकसाठी.

मंगळवारी मी आणि अनसाक्का एसटीनं गेलो. तिनं हाताला धुतलेल्या धडप्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या. जपून तिनं पदराखाली एक कागद धरला होता, तो भिंतीवरचा. चाकूनं हळूहळू खरवडून काढला होता, चारही कोपरे शाबूत ठेवून.

कार्यालयात अधिकारी शिकलगार मॅडम होत्या. बाई धारदार होती, पण तिचं बोलणं सरळ होतं. समोर मालक आणि त्यांच्या शेजारी काळा कोट घालून मोकाशी. माझ्याकडे बघून ते ओळखीचं हसले.

मोकाशींनी रजिस्टर पुढे केलं. तीन हजार आठशे चाळीस, तीन हजार आठशे चाळीस, खाली अंगठा, अंगठा, अंगठा. मॅडमनी विचारलं, “बाई, हा अंगठा तुमचा?”

“माझाच. पर मला चौदाशे देत्यात. आकड्यावर कारट धरत्यात.”

“कोणी बघितलंय?”

“ह्यो लहू. ह्यो सांगंल.”

मोकाशी उठले. “मॅडम, साक्षीदार त्यांचाच आहे, पण मी दोन प्रश्न विचारू? लहू, परवा तू मला सांगितलंस, रोज चारशे टिप सुटते, रविवारी हजार. खरं की खोटं?”

कॅप्टनचा कोट हातातोंडाशी आला होता आणि समोर मालक बसले होते. दोन दिवसांपूर्वी ज्याच्यासमोर फुशारकी मारली, त्याच्यासमोर ‘खोटं’ म्हणायला जीभ उचलेना. “खरं,” मी म्हणालो.

“म्हणजे महिन्याला बारा-पंधरा हजार. या रजिस्टरातल्या आकड्यापेक्षा जास्तच पडतं हातात?”

“पडतं.”

“त्यातलं भटारखान्याला देता? या बाईंना?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. ‘नाही’ म्हणालो असतो तर पंधरा हजार कमावणारा माणूस सोललेल्या हातांच्या बाईला एक दमडी देत नाही, असं झालं असतं. अनसाक्का माझ्याकडे बघत होती. “देतो की,” मी म्हणालो. “रोजचे वीस-पंचवीस.”

“लिहून घ्या,” मोकाशी म्हणाले.

शिकलगार मॅडमनी पेन खाली ठेवलं. “वकीलसाहेब, टिप हा पगार नव्हे. ती गिऱ्हाइकाची खुशी. किमान वेतनात मी एक रुपया टिप धरणार नाही.” मग माझ्याकडे वळून त्या सावकाश म्हणाल्या, “हे बघा, टिप बाजूला ठेवा. ती हजार मिळू दे नाहीतर लाख. मालकाच्या हातून दर महिन्याला पगार किती मिळतो, एवढंच सांगा. घाबरू नका.”

त्या माउलीनं दार सताड उघडून दिलं होतं. पंधराशे. एवढा एक शब्द बोलायचा होता. कायदा आमच्या बाजूचा होता, अधिकारी आमच्या बाजूची होती.

मालकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाले, “सांग बाळ.”

“रजिस्टरात आहे तेवढा,” मी म्हणालो.

खोलीत पंखा कुरकुरत होता. मॅडमनी अनसाक्काला विचारलं, “बाई, हे तुमचे साक्षीदार. आणि ते म्हणतात, तुम्हाला टिपमधला वाटाही देतात.”

मला वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. मोठ्यानं बोंब मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. ती उठून उभी राहिली आणि तिनं तो भिंतीवरचा कागद टेबलावर ठेवला.

“बाईसाहेब, टिप त्यांची. ती मला कशाला? गिऱ्हाइकाला म्या कधी पाणीसुदिक दिलं न्हाई. म्या भांडी घासली. माझी मजुरी तेवढी द्या.”

मॅडमनी तो कागद बराच वेळ हातात धरला. पण सरकारी दराचा कागद म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मी होतो. दुसरा कुणी साक्षीदार आणता येईल का, म्हणून त्यांनी पंधरा दिवसांची तारीखही दिली. ‘अन्नछाया’तून कोण येणार होतं? रफिकनंही मान खाली घातली. अर्ज फेटाळला गेला आणि महिना सरायच्या आत भांडी घासायला दुसरी बाई आली. तीही बाराशेत.

मी कॅप्टन झालो. काळा कोट मिळाला. पगार वाढवा म्हणालो तर मालक म्हणाले, “टिप आहे की तुला, बाळ. पंधरा हजार! सरकारी कागदावर लिहून दिलंयस तू.” आठ महिन्यांनी मी ते हॉटेल सोडलं. आज माझी स्वतःची खानावळ आहे, सहा टेबलांची. दराचा कागद गल्ल्याच्या वर काचेत लावलाय आणि पगाराच्या दिवशी आकडा मोठ्यानं वाचून मग सही घेतो. लोक म्हणतात, लहूशेठ चांगला माणूस आहे. म्हणू देत.

पण त्या मंगळवारचं थोडं सांगायचं राहिलं.

सुनावणीनंतर मालकांनी जीपमध्ये बस म्हणून खूण केली. मी ‘मागनं येतो’ म्हणालो. जीपमध्ये बसायची लाज वाटत होती आणि अनसाक्कासमोर जायचीही. स्टँडवर ती कराडच्या फलाटाला बाकावर बसली होती. मी तिच्यापासून दोन हात लांब उभा राहिलो.

“च्या घेतलास का?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं कमरेची चंची काढली. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी तिला गाठ सुटेना, तरी तिनं माझ्याकडे दिली नाही, दातानं सोडली. आतून तिनं पाचची दोन नाणी काढली आणि एक रुपया. स्वच्छ धुतलेली.

“घे. रविवारचं हाय, सात नंबरचं. ताटलीत ऱ्हायलं हुतं. रफिकला इचारलं, त्यो म्हनला, माझं न्हवं, लहू जेवलाय तिथं मालकासंगट, त्येचं हाय, मला नगं.”

म्हणजे रविवारपासून तिला ठाऊक होतं. एसटीत शेजारी बसून आली तेव्हाही ठाऊक होतं. साक्षीदार कोण म्हणून विचारल्यावर तिनं माझ्याकडे बोट केलं, तेव्हाही.

“अक्का, मग तू... मला आणलंस कशाला?”

“म्या म्हनलं, जेवला तर जेवला. पोरगं भुकेजलं असंल.” ती फलाटाकडे बघत म्हणाली. “जेवल्यानं मानूस काय खोटं बोलतोय व्हय, असं वाटलं मला.”

गाडी लागली. माणसं धावली. तिनं हात तसाच पुढे धरला होता, पट्टीला मध्येच लाल डाग उमटला होता.

“घे की. मला वझं नगं.”

मी हात पुढे केला आणि ते अकरा रुपये घेतले.